रशियन आणि माझी बरोबरी

मला ज्यानं हरवलं त्या रशियन बॉक्सरची पुढची सगळी कारकीर्द मी उंब्रजला, हायवेजवळच्या एका चहाच्या टपरीत बसून पाहिली. 'हरवलं' हे आज मी सहज लिहितोय. गावात तो शब्द उच्चारायला मला बारा वर्षं लागली.

मी फौजेत हवालदार होतो आणि फौजेकडूनच खेळायचो. परदेशात फौजांच्या स्पर्धा होत्या, तिथे पहिल्याच लढतीत हा समोर आला. त्याच्या देशाचा हौशी चॅम्पियन. तीन राऊंड, डोक्याला हेडगार्ड, निकाल गुणांवर. तो मारायचा आणि मी हात फिरवेपर्यंत तिथून निघून गेलेला असायचा. एकवीस-चार. माझे चार कुठून आले तेही मला कळलं नाही. ड्रेसिंग रूममध्ये टॉवेल तोंडावर धरून मी रडलो, आणि महिन्याभरानं रजेवर गावी आलो.

टपरीवाले चाचा तरुणपणीचे पैलवान. कुंडलच्या मैदानात लढलेले, दोन्ही कान सुजून गोळा झालेले. त्यांनी एकच विचारलं, "फौजी, पाठ टेकली का?"

"न्हाई," मी म्हणालो. खरंच टेकली नव्हती.

"मग बरोबरीत सुटली म्हणा की! लय झालं!"

आमच्याकडच्या मातीतल्या कुस्तीत ते बरोबरच आहे. पाठ लागली नाही तर हार कसली? गुण, पंच, ठोसा लागला की ते दाबतात ती बटणं हे सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी पाठीवर थाप मारली. मी तोंड मिटलं. आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला: रशियाच्या चॅम्पियनला बरोबरीत रोखणारा आपला वाघ. खाली पुढाऱ्यांचे फोटो, वाघापेक्षा मोठे.

पुढं मी निवृत्त होऊन गावी आलो, आणि तो रशियन व्यावसायिक होऊन अमेरिकेत गेला. तिथल्या लढती आपल्याकडे सकाळी दिसतात. चाचा साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायचे आणि आम्ही पाच-सहा जण बाकावर. सुरुवातीला तो जुन्याच पद्धतीनं खेळला: मारायचं, मागं सरायचं. जिंकायचा, पण लोक हुर्यो करायचे. तिकीट काढून आलेल्याला गुण बघायचे नसतात. व्यावसायिकांच्या अंगात बनियन नाही, डोक्याला काही नाही, ग्लोव्हज हलके. आणि हा पठ्ठ्या राऊंड संपला की हेडगार्ड सारखं करायला हात कपाळाकडं न्यायचा. तिथं नुसता घाम. मग नव्या कोचनं त्याला एका जागी थांबून मारायला शिकवलं आणि समोरचे पडायला लागले. अर्थात थांबल्यावर त्यालाही लागायला लागलं.

तो एकेक जिंकत गेला तशी माझी किंमत वाढत गेली. "ह्याच्याबरोबर आपल्या फौजीनं बरोबरी केलीया!" शाळेत सत्कार, यात्रेत फेटा. लाज वाटायची, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर बरं जास्त वाटायचं.

इकडं मी ऊस बघायला लागलो आणि मुलीला बॉक्सिंग शिकवायला लागलो. पोरीचा हात चांगला. गेल्या साली सांगलीच्या स्पर्धेत ती गुणांवर हरली. घरी आल्यावर ग्लोव्हज पुसून पिशवीत घातले आणि पिशवी माळ्यावर टाकली.

"मला न्हाई जमायचं, पप्पा. तुमी रशियाच्या चॅम्पियनला दाद दिली न्हाई, आन् मी सांगलीत हरून आले. बंद आता."

मी म्हणालो, होतं असं कधीकधी. एवढंच म्हणालो. तिला परत रिंगमध्ये आणेल असं एकच वाक्य माझ्यापाशी होतं, आणि ते काही माझ्या तोंडातून निघत नव्हतं. असे तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी त्याची लढत आली. तोवर किताबाची लढत तो हरला होता, नंतर आणखी एक. वयही झालं होतं. मुलीला मी बळंच टपरीवर नेलं, म्हटलं, बघ तरी. सहाव्या राऊंडपर्यंत त्याचा डावा डोळा पार मिटला होता. सातव्याची घंटा झाली आणि तो स्टुलावरून उठलाच नाही. कोचनं कानाशी काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली, आणि कोचनं पंचाला हातानंच सांगितलं, बस्स.

"पाठ टेकली न्हाई," चाचा म्हणाले. "हरला न्हाई गडी, निस्ता बसला." सगळे हसले.

माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं मार खाल्लेला माणूस सगळ्या जगासमोर 'बस्स' म्हणाला होता, आणि त्याचीही लढत ही मंडळी बरोबरीत सोडवत होती.

"हरला!" मी ओरडलो. "हरला म्हणा की सरळ! आन् मी बी हरलो हुतो. एकवीस-चार! एकवीस त्याचे. बरोबरी कसली डोंबलाची! रडलोय मी आत जाऊन."

चाचांच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. "मग तवाच सांगायचं हुतं की रं," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मुलगी उठून घराकडं चालू लागली. मी मागून. आता ही माझ्याशी बोलायची नाही, असं धरूनच चाललो होतो. अंगणात ती गर्रकन वळली.

"दोन वर्षं मी भिऊन खेळले, पप्पा. मारायला गेले तर उघडी पडंन, उघडी पडले तर हरंन, आन् आपल्या घरात कोण हरत न्हाई! दोन वर्षं!"

डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती, चिडली होती.

"दावा," ती म्हणाली. "त्यानं तुमाला कसं मारलं ते दावा."

मी दाखवलं. डाव्या हातानं तोंडावर हूल द्यायचा, मी हात वर घेतले की उजवा बरगडीत. हां, असं वाकून. तिनं एकदा हळू करून बघितलं. दुसऱ्यांदा हळू केलं नाही. मी कळवळलो. इतकी वर्षं ती सरावाला माझ्यासमोर उभी राहिली, पण असा ठोसा तिनं कधी मारला नव्हता.

"दुखलं?"

तोंडाशी 'न्हाई' आलं होतं. "व्हय," मी म्हणालो. "लय दुखलं."

"मग कोपर अंगाला धरा," ती म्हणाली, "आन् परत उभं ऱ्हावा."