भंगारातली गाडी

"पत्रा कुणाचा आहे हा?"

साहेबांनी गाडी माझ्या हातातून काढून घेतली आणि उलटी करून बघितली. खंडेनवमीचा दिवस. पिंपरीतल्या त्या कंपनीत वर्षातून एकदाच, मशिनींच्या पूजेला, कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे. मी नऊ वर्षांची. समोर आबांचं प्रेस मशीन, त्याला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. आबा म्हणजे माझे वडील. त्या मशिनीवर ते पत्रा कापायचे.

गाडीही त्यांनीच केलेली. मशिनीतून उरलेल्या तुकड्यांची. चाकं सोड्याच्या बाटलीच्या बुचांची, आस मोडक्या छत्रीच्या तारेचा. दिवाळीच्या सुट्टीत साहेबांच्या पोरांकडे चावीच्या मोटारी यायच्या, टबात पुकपुक फिरणारी बोट यायची, टिकल्यांची पिस्तुलं यायची. आम्ही त्यांच्या बंगल्याच्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघायचो. एकदा आबांनी मला तसं बघताना पाहिलं, आणि ही गाडी केली.

ती मी कंपनीत का नेली? गाडीला तिचं मशीन दाखवायला. ज्या कंपनीचा पत्रा, त्याच कंपनीत तो मिरवत न्यायची चूक कामगाराचं पोरच करू शकतं. मला वाटलं होतं, साहेब आबांना शाबासकी देतील.

"सायेब, भंगारातला हाय. फेकूनच देणार व्हते," आबा म्हणाले.

"भंगारसुद्धा कंपनीचं असतं. याला चोरी म्हणतात. कान धर."

बळी तो कान पिळी म्हणतात. इथे साहेबांना पिळायचेही कष्ट नव्हते. कान आबांचे, हातही आबांचेच. एका हाताला पाच बोटं, दुसऱ्याला साडेतीन. दीड बोट दोन वर्षांपूर्वी त्याच मशिनीने घेतलं होतं. तेव्हा कुणी चोरी म्हणालं नव्हतं. शंभरेक माणसं बघत होती, त्यात माझी आईही होती.

गाडी भंगाराच्या पेटीत गेली. मग साहेबांना दया आली. असल्या लोकांना दया फार लवकर येते. पोरांना वाटायच्या खेळण्यांच्या खोक्यातून त्यांनी चावीचा हिरवा बेडूक काढला आणि फोटोवाल्याला जवळ बोलावलं.

"रडू नको. हे घे. हे खरं खेळणं."

"घे बाय. सायबांच्या पाया पड," आबा म्हणाले.

मी पडले. ते बूट मला अजून आठवतात, नुकतं पॉलिश केलेले, वर नारळाच्या पाण्याचे दोन थेंब. वाकलेल्या त्या नऊ वर्षांच्या पोरीची मला आजही किळस येते.

त्यानंतर आबांनी काही केलं नाही. त्याआधी भिंगरी करायचे, भातुकलीची चूल करायचे. आता घरी येऊन नुसते बसायचे. आत शिरताना खिसे उलटे करायचे, आपल्याच घराच्या दारात. बेडकाला मी कधी चावी दिली नाही. एका डब्यात ठेवला. राग शिळा होऊ नये म्हणून ठेवला.

पुढे मी डिप्लोमा केला. आज चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीची हेड आहे, रावेतला फ्लॅट आहे, आबा माझ्याजवळ असतात.

यंदाच्या खंडेनवमीला एचआरच्या मॅडमना कल्पना सुचली: 'आपल्या बालपणीच्या सुट्टीतली खेळणी'. प्रत्येकाने आपलं एक आणायचं. टेबलं मांडली. लट्टू, टिकल्यांचं पिस्तूल, चावीचं माकड. आणि मधोमध, कापड अंथरून, पत्र्याच्या गाड्या. आमच्याच प्रेस शॉपच्या भंगारातून, कंत्राटी कामगारांना शिफ्टनंतर थांबवून करून घेतलेल्या. पुढे पाटी: 'टाकाऊतून टिकाऊ'.

आमचे प्लांट हेड गाडी हातात घेऊन विरघळले. "वा! काय डोकं असतं आपल्या लोकांचं! तेव्हा काहीच नव्हतं, पण सुख किती होतं, नाही?"

तेव्हा काहीच नव्हतं, असं ज्यांच्याकडे सगळं होतं तेच म्हणतात. यांना आमची गरिबीसुद्धा हवी, फक्त धुऊनपुसून, टेबलक्लॉथवर.

मॅडमनी माइक माझ्याकडे दिला. "सांगा ना, तुमची एखादी गोड आठवण."

मी पर्समधून बेडूक काढला. आणि सांगितलं. पत्रा, कान, साडेतीन बोटं, बूट. आवाज चढवला नाही. मागे उभे असलेले कामगार हलायचे थांबले. पुढच्या खुर्च्या मोबाइलमध्ये बघू लागल्या.

"मॅडम, आजच्या दिवशी निगेटिव्ह नको ना," एचआरच्या मॅडम हळूच म्हणाल्या.

मी बेडूक टेबलावर ठेवला. "हा तुमच्यात शोभतो. इथेच राहू दे." मग एक गाडी उचलली आणि मागे बघून विचारलं, "ही कुणी केली?"

लातूरकडचा एक कंत्राटी कामगार अर्धा हात वर करून म्हणाला, "म्या केलीय, मॅडम."

"नेऊ का?"

"न्या की, ताई."

प्लांट हेडला मी विचारलं नाही.

गेटवर कामगारांची रांग होती. पिशव्या उघड्या, डब्यांची झाकणं उघडी. जेवून धुतलेले रिकामे डबे, तेही वॉचमन वाकून बघत होता. माझ्या गळ्यात स्टाफचं कार्ड. वॉचमनने गाडी बघितली, हसला आणि सलाम केला. "मस्त खेळणं हाय मॅडम. जावा." या रांगेशेजारून मी कित्येक वर्षं अशीच निघून गेले होते. मान वर करून. साहेबांची छी थू करणारी मी, आणि ते माझ्या डोळ्यांत कधी खुपलं नव्हतं.

घरी आबांच्या हातात गाडी दिली. त्यांनी ती उलटी केली. उरलेल्या अर्ध्या बोटाने चाक फिरवून बघितलं. मला वाटलं, आता हसतील.

"गेटपास घेतलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही घेतला, आबा."

"मग उद्या देऊन ये, बाय. कान धर अन् देऊन ये."

गाडी देणार नाही. कान धरणार नाही. जाब विचारायला बोलावलं तर खुर्चीवर बसून उत्तर देईन. आणि उद्यापासून सुटताना मी त्या रांगेत उभी राहणार, पर्स उघडून. माझ्यामागे प्लांट हेडची बॅग उघडेल, नाहीतर त्या गेटवर कुणाचाच डबा उघडणार नाही.