पत्त्यांसाठी शिवलेली पिशवी

माझ्या मैत्रिणीकडे टॅरोचे पत्ते होते. तिच्या मामाने परदेशातून आणलेले. सिल्वासाहून वापीच्या कॉलेजात आम्ही दोघी एकाच बसने जायचो. तिचे वडील इंजिनियर, पुण्याहून आलेले. माझे वडील खडोलीला यार्नच्या कारखान्यात मशीनवर. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. म्हणून की काय, तिच्या शेजारी बसतानाही मी अंग चोरून बसायचे. ती मात्र खिडकीची जागा मला द्यायची आणि त्याचं काही वाटूही द्यायची नाही.

पत्त्यांचं खोकं फाटलं होतं. म्हणून पत्ते ती वडिलांच्या एका नव्या कोऱ्या मोज्यात ठेवायची. मला त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी माझी आई मूत्रपिंडाच्या दुखण्याने हॉस्पिटलात होती. मैत्रिणीने तिच्या खोलीत पलंगावर पत्ते पसरले आणि म्हणाली, "विचार काहीतरी." मी फक्त "आईबद्दल" एवढंच म्हणाले. मी काढलेल्या पत्त्यावर तळ्याकाठी बसून दोन सुरयांतून पाणी ओतणारी एक बाई होती. मैत्रिणीने सोबतचं इंग्रजी पुस्तक उघडून बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "चांगलं आहे गं. बरं वाटेल असं आहे." आणि लगेच, "पण मला अजून नीट येत नाही हां."

भविष्य फुकट ऐकू नये, असं आमच्याकडे मानतात. दारावर कोणी भविष्य सांगायला आला की गावाकडे आई सुपातून ज्वारी घालायची. मी तिला विचारलं, तुला काय देऊ? ती हसली. "एक पिशवी शिवून दे. नाडीची. पुस्तकात लिहिलंय, पत्ते कापडात ठेवावेत. मोज्यात नाही."

संध्याकाळी हॉस्पिटलात आईला हे सांगितलं.

"पत्ते?" तिने मान वळवली. "इंजिनियरची पोर पत्ते खेळती?"

"खेळायचे नाहीत. भविष्य सांगायचे."

"मग पोपट कुठंय तिचा?"

"पोपट नसतो त्यात. आपणच पत्ता काढायचा."

"म्हणजे पोपटाचं काम तू केलं," आई म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईही हसल्या. किती दिवसांनी आईला कोणाला तरी हसवता आलं होतं. मग ती गंभीर झाली. "कबूल केलं ना? मग नीट शिवून दे. मोठ्या घरात जाणार ती पिशवी."

मैत्रिणीला काळं कापड हवं होतं. लेकीबाळीला काळं देऊ नये म्हणून आईने ते ऐकलंच नाही. डोकमर्डीच्या आमच्या खोलीतल्या ट्रंकेतून तिने एक जांभळा ब्लाऊजपीस आणायला सांगितला. कधीतरी ओटीत आलेला, जपून ठेवलेला. मी म्हणाले, हा तुझा आहे, राहू दे. ती म्हणाली, "आण तर खरं."

एक बाजू मी शिवली, दुसरी आईने. आई गावात सगळ्यांच्या झबल्या-टोपड्यांना हात लावणारी बाई. तिची टीप मशीनची वाटावी अशी. माझी बाजू बघून तिने ती उसवायला घेतली. "दोरा ओढू नको, कापड रडतं," ती म्हणाली. मी परत घातली. तिने परत उसवली. तिसऱ्यांदा तिने नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, "चालंल. आत जाईल ही बाजू."

वरचा नेफा, जिथून नाडी ओवायची तो, तिने स्वतःकडे घेतला. तोवर तिला बसवेनासं झालं होतं. पडल्या पडल्या कापड चेहऱ्याजवळ धरून ती तुरपाई करायची. दोन-चार टाके घातले की हात छातीवर ठेवून डोळे मिटायची. मी म्हणायचे, दे, मी करते. ती मान हलवायची. सुरुवातीचे टाके तांदळाच्या कणीसारखे होते. पुढे ते लांबत गेले, मग तिरपे झाले. नेफा जेमतेम अर्धा झाला होता तेव्हा आई गेली. सुई कापडातच टोचलेली होती.

मी ती पिशवी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. मनात एवढंच ठरवलं होतं की सुतक फिटलं की उरलेला नेफा मी शिवेन, आईचा एकही टाका हलवणार नाही आणि पिशवी मैत्रिणीला देणारही नाही. तिच्यासाठी दुसरी शिवेन. हे मी कोणाला बोलले नाही. आईचं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं असं नाही. लुगडी होती, भांडी होती. पण ते तिरपे टाके मी तिला घालताना पाहिलं होतं. ते मला हवे होते.

आम्हाला दहा दिवस सुतक. त्यात सुईला हात लावायचा नाही. आईची सख्खी मोठी बहीण, माझी मावशी, शिंदखेड्याकडून आली होती. तिचं लग्न होऊन घर बदललेलं, म्हणून तिला सुतक तीनच दिवसांचं. स्वयंपाक, पाणी, आलेगेले, सगळं तिने उचललं होतं. आईचे कपडे काढताना तिला ट्रंकेत ती पिशवी सापडली. तिने वडिलांना विचारलं, ही कोणाची. वडील म्हणाले, कॉलेजातल्या मैत्रिणीला द्यायची कबूल केली होती.

दहाव्याच्या दिवशी वडील आणि इतर पुरुष दमणगंगेवर गेले. मी खोली धुवायला घेतली. मावशी शेजाऱ्यांच्या ओट्यावर काहीतरी करत बसली होती, मी लक्ष दिलं नाही. दुपारी तिने पिशवी माझ्या हातात ठेवली. पूर्ण झालेली. नेफा सरळ, टाके बारीक, एकसारखे. वडिलांच्या कारखान्यातल्या टाकाऊ पांढऱ्या यार्नची पीळ देऊन वळलेली नाडी ओवलेली. दोन्ही टोकांना गोंडेसुद्धा.

मी नेफा उलटून पाहिला. मग आईने घातलेली बाजूची शिवण पाहिली. तीही नवी होती.

"मावशी, आईचे टाके?"

"उसवले."

मी पिशवी परत सुलटी केली.

"अर्धं राहिलेलं शिवण तसंच पुढं न्यायचं नसतं, पोरी," मावशी म्हणाली. "गेलेल्याचा जीव अडकतो त्यात. सगळं उसवायचं, नव्यानं घालायचं. दोरे तुझ्या बापाजवळ द्रोणात दिले मी, सकाळी. नदीत सोडले असतील."

असा रिवाज खरंच आहे की मावशीनेच तो मानला होता, मला आजही माहीत नाही. पुढे गावाकडे कोणाला विचारायचं धाडस झालं नाही. कोणी "असं काही नसतं" म्हणालं असतं तर मी काय केलं असतं?

मी रडायला लागले तेव्हा तिला वाटलं, आईच्या आठवणीने. तेही खोटं नव्हतंच. तिने मला जवळ घेतलं. "रडू नको वं. शेवटी शेवटी तिचा हात चालत नव्हता, बघितलं ना मी. सगळं वाकडंतिकडं. अशी पिशवी लोकाच्या घरी गेली असती तर काय म्हनले असते? माझी बहीन असं शिवत नव्हती. तिला लाज वाटली असती." ती स्वतःच रडत होती. बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या. तिला जवळचं नीट दिसायचं नाही. मला तिच्यावर चिडता आलं नाही.

आता पिशवी ठेवून घेण्यात काही अर्थ नव्हता. तेराव्यानंतर मी ती मैत्रिणीकडे घेऊन गेले. ती आमच्याकडे आली नव्हती. दार उघडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला यायचं होतं. पण बरं वाटेल असं मीच तुला सांगितलं होतं ना. कुठल्या तोंडाने येणार?"

"तू पुस्तकात होतं तेच सांगितलंस," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

तिने मोज्यातून पत्ते काढले आणि पिशवीत घातले. अगदी बसले. नाडी ओढली, सोडली, परत ओढली. नेफ्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "किती बारीक टाके आहेत गं. काकूंचे?"

मला खोटं बोलायची सवय नाही आणि खरंही बोलता येईना. "कापड तिचं आहे," मी म्हणाले. तिने पिशवी दोन्ही हातांत धरून ठेवली. मग तिच्या आईने चहा आणला.

घरी आले तेव्हा मावशीने जायची तयारी केली होती. संध्याकाळची गाडी होती.

"दिली का?"

"दिली."

"काय म्हनली?"

"टाके बारीक आहेत म्हणाली. आईचे आहेत का विचारत होती."

मावशीचा चेहरा उजळला. त्या दिवसांत पहिल्यांदाच. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बघ. नाव राहिलं माझ्या बहिणीचं."

मी हो म्हणाले. तिची थैली उचलली आणि तिला बसमध्ये बसवून द्यायला निघाले.