चार बटणं, दोन दांड्या आणि भूमिका भोयर

भूमिका भोयरला हरणं नवीन नव्हतं. चौदा वर्षं ज्यूदो खेळलेली मुलगी शेकडो वेळा पाठीवर आपटलेली असते. पण जिने जन्मात कोणाची कॉलर धरली नाही अशा बाईकडून एका संध्याकाळी सलग नऊ वेळा हरणं, तेही सोफ्यावर बसून, हे तिला सहन होईना.

ती मूळची मौद्याजवळच्या एका गावची. शाळेत असताना ज्यूदोत राज्यस्तरापर्यंत गेली, त्या जोरावर नागपुरात कॉलेज झालं आणि एका खासगी शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. सक्करदऱ्याला मोठा भाऊ अश्विन आणि वहिनी श्वेता राहायचे, त्यांच्याकडेच ती राहू लागली. दोन वर्षांपूर्वी तिने ताराचंद सरांच्या क्लबात नाव घातलं. तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवत, म्हणजे ठोसे, लाथा, उचलून फेकणं आणि जमिनीवरची झटापट, सगळं एकाच खेळात. एप्रिलमध्ये तिची पहिली स्पर्धा ठरली होती. फेब्रुवारीत सराव करताना ती एका मुलीखाली सापडली. सुटण्यासाठी तिने जोरात अंग वळवलं, अंग वळलं आणि डावा गुडघा जागेवरच राहिला. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मॅटवर नऊ महिन्यांनी.

मार्च संपता संपता ऊन असं तापलं की दुपारी गल्लीत कुत्रंही दिसेना. अश्विन आणि श्वेता कामावर गेले की भूमिका कूलरसमोर पाय उशीवर ठेवून पडून राहायची. फिजिओ मॅडमनी दिलेले व्यायाम दहा मिनिटांत संपायचे. टाच सरकवा, मांडी आवळा, दहापर्यंत मोजा. मोबाईल उघडला तर क्लबातल्या मुलींचे सरावाचे व्हिडिओ समोर यायचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अश्विनने माळ्यावरचा गेमचा डबा खाली काढला आणि टीव्हीला जोडून दिला.

"घे. तुह्याच कामाचा गेम आहे," तो म्हणाला. "बसल्या बसल्या फाईट कर."

गेम खरंच तिच्याच खेळाचा होता. जाळीचा पिंजरा, दोन लढवय्ये, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. सुरुवातीला गेमनेच विचारलं, शिकवणी घ्यायची का? भूमिकाने नको म्हटलं. जमिनीवर कसं लढायचं हे आता टीव्ही शिकवणार होता की काय?

पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं की तिला काहीच येत नाही. रिमोटवर चार बटणं होती. चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण म्हणजे उजवा, फुली म्हणजे डावा पाय, गोल म्हणजे उजवा. दोन अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या, डावीने चालायचं, उजवीने डोकं चुकवायचं. मागच्या बाजूला बोटांखाली आणखी चार बटणं, ती दाबून ठेवली की पुढच्या बटणांचे अर्थ बदलायचे. खांद्यावरून फेकायचा डाव भूमिका झोपेतही मारू शकली असती. इथे त्यासाठी मागचं एक बटण धरून पुढचं एक दाबायचं होतं, तेही समोरची ठोसा मारत असताना. भूमिकाने दाबलं तेव्हा पडद्यावरच्या तिच्या बाईने हवेत लाथ मारली आणि स्वतःच पडली.

तिचं अंग मात्र लढत होतं. पडद्यावर कोणी पाय धरला की इथे हिची कंबर मागे जायची, खांदा वळायचा, आणि टाके घातलेल्या गुडघ्यात कळ उठायची. अंगठे तेवढे भलतीकडेच असायचे.

सगळ्यात वाईट अवस्था जमिनीवर होती. खाली सापडलं की उजवी दांडी एका दिशेला दाबून धरायची, म्हणजे बाई त्या बाजूने सुटू लागते. वर बसलेल्याने नेमकी तीच दिशा ओळखून अडवली की प्रयत्न फसतो आणि पडद्यावरची आपली दमाची पट्टी खाली येते. ती पट्टी संपली की हात उचलायचीही ताकद उरत नाही. भूमिका घाबरून सगळी बटणं एकदम दाबायची. अर्ध्या मिनिटात पट्टी रिकामी, आणि मशीन खेळवत असलेली वरची बाई शांतपणे ठोसे मारत राहायची. गेम सोप्यात सोप्या पातळीवर होता. तरी आठ दिवसांत तिने दोनच लढती जिंकल्या, त्याही चुकून.

त्या रविवारी संध्याकाळी श्वेताने चहाचा कप खाली ठेवला आणि दुसरा रिमोट उचलला.

श्वेता सीताबर्डीच्या एका पतसंस्थेत होती. बुटकी, चष्मा लावणारी, जिना चढली तरी धाप लागणारी. भूमिकाला हसू आलं.

"वहिनी, तुमाले येते हे?"

"पाहू ना," श्वेता म्हणाली.

पहिली लढत चाळीस सेकंदांत संपली. श्वेताच्या बाईने दोन ठोसे चुकवले, भूमिकाच्या बाईला खाली पाडलं, पाठीवर चढली आणि गळा आवळला. दुसरी तशीच. तिसरीही. श्वेताचे अंगठे फारसे हलतही नव्हते. नवव्या लढतीनंतर भूमिकाने रिमोट मांडीवर टाकला.

"काहून बंद केलं वं?"

"मले नाही खेळायचं. खोटं आहे हे सगळं. खरोखरी असं होतच नाही."

"खरोखरी कसं होते मंग?"

"खरोखरी तुमी माह्यासमोर दहा सेकंदबी उभ्या नसत्या राहिल्या!"

स्वयंपाकघरातून अश्विनने डोकावून पाहिलं आणि परत आत गेला. श्वेता रागावली नाही. चष्मा पदराने पुसत म्हणाली, "ते तं खरंच आहे. पण एक सांगू काय? तू खाली पडली की दरवेळी पाठ फिरवतं. अन् दरवेळी उजवीकडंच. मी आता तुह्याकडं पाहतबी नाही, तिकडं दांडी दाबून बसते. तू आपोआप येतं."

भूमिकाने रिमोट फेकला. तो कूलरच्या पत्र्यावर आदळला, दणका खालच्या मजल्यापर्यंत गेला. ती कुबडी घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

राग वहिनीचा नव्हता. दोन वर्षं ताराचंद सर मॅटच्या कडेला उभे राहून हेच ओरडत होते, "भूमिका, पाठ नको देऊ!" ज्यूदोत खाली सापडलं की पालथं पडून अंग आवळून घ्यायचं. समोरच्याला काही जमलं नाही की पंच थोड्या वेळात थांबवतो, दोघं उभे होतात. चौदा वर्षांत हे तिच्या हाडात गेलं होतं. पण या खेळात पंच तसा थांबवत नाही. पाठ दिली की समोरचा तिच्यावर चढतो. सरांचं ऐकून ती दरवेळी "हो सर" म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा वळायची. गुडघा गेला तोही असाच वळताना. आणि आता एका पतसंस्थेतल्या बाईने ते सोफ्यावर बसून, एकाच संध्याकाळी ओळखलं होतं.

दोन दिवस ती श्वेताशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी श्वेता भाजी निवडत बसली होती, तिथे भूमिका येऊन टेकली.

"वहिनी, तुमी हे कधी शिकल्या?"

"तू पाच-सहा महिने ज्यूदोच्या कॅम्पले गेली होती ना, मागच्या वर्षीच्या आधी. तवा मी चार महिने झोपूनच होती. डॉक्टरनं उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं. करू काय दिवसभर? तुह्या दादानं हे लावून दिलं." ती मेथीची काडी मोडत राहिली. "पाचव्या महिन्यात तं सगळं संपलंच. मंग नाही खेळली मी कधी. परवाच हातात घेतला."

भूमिकाला ते दिवस आठवले. मूल राहिलं नाही हे आईने फोनवर सांगितलं होतं. तिने वहिनीला एक मेसेज पाठवला होता, काळजी घ्या म्हणून. परत आल्यावर तिने कधी काही विचारलं नव्हतं. तिने समोरची मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली.

"पानं घे, काड्या नको," श्वेता म्हणाली.

दुसऱ्या दुपारी भूमिकाने शिकवणी उघडली. पहिला धडा चालायचा होता. नुसतं चालायचं, पुढे, मागे, गोल. तिला लाज वाटली, तरी तिने केलं. मग एक ठोसा. मग एक ठोसा चुकवणं. जमिनीवरच्या धड्यात सुटायचं नव्हतंच, आधी समोरच्याला अडवत खाली पडून राहायचं होतं. तो ज्या दिशेला सरकेल तिकडे दांडी, आणि दमाची पट्टी वाचवायची. हे तिला सगळ्यात जड गेलं. पडद्यावर "पुन्हा करा" अशा अर्थाची पाटी एका दुपारी तीस वेळा आली असेल. अंगठ्याला फोड आला. ती टीव्हीला शिव्या द्यायची, बंद करायची, दहा मिनिटांनी परत लावायची. मेच्या अखेरीस ती मशीनच्या मधल्या पातळीशी कशीबशी टिकू लागली. श्वेताशी अजूनही हरत होती, पण आता तीन फेऱ्या पूर्ण व्हायच्या आणि निकाल गुणांवर लागायचा. एकदा फक्त एका गुणाने हरली, तेव्हा श्वेताने पहिल्यांदाच सोफ्यावर सरसावून बसत घाम पुसला.

एप्रिलमधली स्पर्धा तोवर तिच्याविना होऊन गेली होती. तिच्या वजनगटात क्लबातलीच एक मुलगी उतरली आणि जिंकली. भूमिकाने ती लढत मोबाईलवर पाहिली आणि अभिनंदनाचा मेसेज करायला तिला तीन दिवस लागले.

डिसेंबरात डॉक्टरांनी हलका सराव करायची परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात सरांनी तिला एका नवख्या मुलीखाली झोपवलं आणि सांगितलं, सुटायचं नाही, फक्त अडव. भूमिकाला डोक्यात सगळं स्पष्ट दिसत होतं, आता ती डावीकडे येणार, आता वर सरकणार. मुलीने वजन टाकलं, भूमिकाचा श्वास कोंडला, आणि तिचं अंग गर्रकन उजवीकडे वळून पालथं पडलं. मुलगी पाठीवर चढली.

"भूमिका!" सर ओरडले.

"माहीत आहे ना सर मले!" ती मॅटवर मूठ आपटून ओरडली. "सगळं माहीत आहे. होऊन नाही राहिलं!"

तिला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. सरांनी तिला पाणी प्यायला पाठवलं. परत आल्यावर ते म्हणाले, "आधी तू वळली हे तुले समजतबी नव्हतं. चल, झोप परत."

त्या दिवशी तिने बावीस वेळा केलं. अठरा वेळा पाठ दिली. घरी आल्यावर तिने श्वेताला आकडा सांगितला, तर श्वेताने विचारलं, चार वेळा नाही दिली तेव्हा काय केलं? भूमिका जमिनीवर सतरंजी टाकून आडवी झाली, वहिनीला जवळ बोलावलं आणि कुठे हात ठेवायचा, कुठे वजन द्यायचं ते दाखवू लागली.

"माह्या गुडघ्यावर नका बसू फक्त," ती म्हणाली.