मायनर

बारावी सायन्सला मार्क बरे पडले, हाच माझा गुन्हा. मला मराठी घेऊन शिकायचं होतं. पण आमच्या घरी बी.ए. म्हणजे लग्न जमेपर्यंत मुलीनं करायची गोष्ट. तेवढ्यात नवीन शैक्षणिक धोरण आलं. एकाच पदवीत मेजर केमिस्ट्री आणि मायनर मराठी घेता येते म्हणे. दिग्रसच्या कॉलेजात चौकशी करून मी उड्या मारतच गावी परतले.

बाबांनी नेमका 'मायनर' शब्द धरला. आमच्याकडे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाला मायनर म्हणतात, आणि आमचं वावर त्याच्या पार शेवटच्या टोकाला.

"मायनर कायले घेतं बाई?" ते म्हणाले. "आपल्या मायनरले पाणी पाह्यलं का तू कधी? वरचे वावरवालेच सारं ओढून घेतेत."

"बाबा, हा पाण्याचा नाही, अभ्यासाचा मायनर हाय. मेजर केमिस्ट्रीच हाय."

"मेजर हाय ना? मंग घे माय काही बी."

मी पोटभर हसले. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाचं टाइमटेबल लागलं आणि हसू आटलं. मंगळवारी आणि गुरुवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, अकरा ते दोन. मराठीचा तासही त्याच दोन दिवशी, बाराला. कारण मराठीचे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर होते, पुसदहून बसनं यायचे आणि बाकीचे दिवस दुसऱ्या कॉलेजात शिकवायचे. प्रॅक्टिकलची बॅच एकच. केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, "तुझा मुख्य विषय कोणता, ते आधी ठरव." मराठीचे सर म्हणाले, "जमेल तेव्हा येत जा." जमणारच नव्हतं, तर येणार कधी? ऑफिसातल्या बाबूंनी सांगितलं, हजेरी भरली नाही तर मराठी बंद, पुढच्या सत्रापासून मायनरला कॉम्प्युटर. टाइमटेबल कोणी केलं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग मी पळापळ सुरू केली. घाईत एक रीडिंग घ्यायचं, बाथरूमला जाते म्हणून सटकायचं आणि मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. अंगावर डाग पडलेला ॲप्रन. "डॉक्टरीणबाई आल्या," मुली म्हणायच्या. परत लॅबमध्ये आलं की माझी पार्टनर टोमणा मारायची, "आल्या कवयित्री! तुह्ये फ्लास्क मीच धुवू का वं आता?" तिचंही काय चुकलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. केमिस्ट्री सोडली तर बाबा कॉलेजच बंद करणार, आणि मराठी सोडायची तर मी इथे आलेच कशाला? कोंडल्यासारखं व्हायचं. रडू यायचं, पण तेसुद्धा कुठल्या वर्गात बसून रडायचं, हा प्रश्न होताच.

मॅडमनी माझं सटकणं ओळखलं. एका मंगळवारी त्यांनी फर्मान काढलं, प्रॅक्टिकल संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. त्यानंतरच्या गुरुवारी मराठीचा सत्रातला शेवटचा तास होता. त्या दिवशीची एक हजेरी लागली असती, तर माझी मराठी टिकणार होती.

मराठीचा वर्ग लॅबला लागूनच. वाफा जाव्यात म्हणून आमच्या खिडक्या सताड उघड्या असायच्या, तिकडचं सगळं ऐकू यायचं. मी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते. रंग आता फिका गुलाबी होणार, म्हणून नजर फ्लास्कवर. पलीकडे सर हजेरी घेत होते. माझा नंबर आला आणि मी, शपथेवर सांगते, मुद्दाम नाही, तिथूनच ओरडले, "हजर, सर!"

दोन्ही खोल्या खदखदून हसल्या. ब्युरेटची तोटी हातून जास्त फिरली, फ्लास्क गर्द गुलाबी झाला, रीडिंग वाया गेलं. सर हजेरीपट घेऊन खिडकीशी आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"हजर कुठे आहेस बाळा तू?" त्यांनी विचारलं.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"इथेच आहे, सर," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली आणि माझ्या नंबरापुढे गैरहजेरी मांडली. मी ब्युरेट पुन्हा भरायला घेतली. पलीकडे कविता सुरू झाली, तेव्हा मॅडम उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.