माझ्या स्फटिकांचा जर्मनी प्रवास

क्षयाच्या जंतूतल्या एका प्रथिनाचे स्फटिक वाढवण्यात माझी पीएचडीची बरीच वर्षं गेली. ते पिठाच्या कणाहून मोठे होईनातच, आणि नेहमीच्या क्ष-किरण यंत्राला तेवढे पुरत नाहीत. जर्मनीतल्या क्ष-किरण लेसरला मात्र असेच बारीक चालतात. नळीतून द्रवाच्या बारीक धारेत ते सोडायचे आणि लेसरचा झोत त्यांना गाठतो. स्फटिकाचा चक्काचूर होतो, पण त्याच्या रचनेची खूण त्याआधीच ठिपक्यांच्या रूपात टिपलेली असते. तिथे प्रयोगासाठी वेळ मिळाल्याचं कळलं तेव्हा मी चक्क रडले होते.

निघायच्या आठवड्यात गावी, जासईला, बाबांच्या छातीत दुखू लागलं. पनवेलच्या हॉस्पिटलात बायपास करायचं ठरलं. आई नाही, मी एकटीच.

"तू जा, बाय. मना काय होत नाय," बाबा म्हणाले.

माझा पाय निघेना. प्रयोगशाळेतल्या सीनियर ताईंना फोन केला. या कामाशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी त्या म्हणाल्या, "बाबांजवळ थांब. स्फटिक मी नेते." ठरलेली सुट्टी रद्द करून त्या गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. बाबा वॉर्डात आले त्या दुपारी ताईंचा व्हिडिओ कॉल आला.

"अगं, नळी सारखी तुंबतेय. काय करू?"

 प्रवासात स्फटिकांच्या गुठळ्या झाल्या असणार. "सोबत दिलेल्या द्रावणाने पातळ करा, मग जाळीतून गाळा. हलक्या हाताने, ताई."

"फोन ठेवू नकोस."

बाबा जागे झाले. "काय झाला?"

"माझं काम अडकलंय."

"निंगंल," एवढंच बोलून ते माझ्या फोनकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ताई ओरडल्याच, "आले! ठिपके आले बघ!" करड्या पडद्यावर काळे ठिपके विखुरले होते. हवे होते तसेच.

"ह्याच्यासाठी येवरी वर्सं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"बेस हाय."

त्या ठिपक्यांवरून पुढे प्रथिनाची रचना उलगडली. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं आहे, पण ते वाचताना मला ताईंचा घामेजलेला चेहराच दिसतो.

जर्मनीहून परत आल्यावर ताई जासईला जेवायला आल्या. त्या नको म्हणत असतानाही बाबा उठून बसले, हात जोडले. "माझी पोर तुमी माझ्यापाशी ठेवलीत."

 ताईंनी जिताडा माशाची आणखी एक तुकडी मागून घेतली.