दोन्ही हाकांना ओ देणाऱ्या नलिनीताई

सोलापूरहून मी बनारसच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायला आले, त्याच वर्षी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात डॉ. नलिनीताई गोडबोले यांना पहिल्यांदा पाहिलं. काळासावळा वर्ण, दाट कुरळे केस, अंगावर इरकल. यजमानीणबाईंनी त्यांची ओळख 'परदेशी पाहुण्या' अशी करून दिली. नलिनीताई हसून म्हणाल्या, "पाहुणी कशी? रामघाटावर जन्मले मी. वाण घ्यायला नाही, द्यायला आलेय."

ताईंचे वडील रामघाटावरच्या वैदिक घराण्यातले. आई केनियातून इथे शिकायला आलेल्या. या लग्नामुळे वडिलांच्या घरची पंगत बरीच वर्षं तुटली होती. ताई त्याबद्दल क्वचितच बोलतात. पुढे आमच्याच विभागात प्राध्यापक झाल्यावर त्यांनी आपल्यासारख्याच, दोन वंशांच्या आईवडिलांच्या मुलांचा एक गट जमवला. मदतनीस म्हणून मला सोबत घेतलं, हे माझं भाग्य.

पहिले काही रविवार फार गोड गेले. चहा, कचोरी, एकमेकांचं कौतुक. मग एकदा जोसेफ, ज्याचे वडील नायजेरियाचे, कोरियन आईच्या सुहानीला म्हणाला की तुला लोक नेपाळी समजून सोडून देतात, माझ्यामागे तर गल्लीभर पोरं लागतात. सुहानी उसळली. हिंदीत जोराचं भांडण पेटलं, दोघं उठून निघून गेले. मी मिटवायला धावले, तर ताईंनी मला थांबवलं. "भांडू द्या त्यांना. इतके दिवस सगळे पाहुण्यासारखे वागत होते. आता कुठे गट होतोय."

पुढच्या रविवारी कुणी येईल याची मला खात्री नव्हती. ताईंनाही नव्हती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण दोघंही आले. जोसेफने बसताच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतःला काय म्हणवता?"

ताई म्हणाल्या, "बाबा नलू म्हणायचे, आजोळी वांजिरू म्हणतात. दोन्ही हाकांना मी ओ देते. तिसरं नाव लोक ठेवतात, त्याला मात्र देत नाही."

त्या दिवशी मुलांनी आपला नियम ठरवला : कुणाचं दुःख मोठं, हे मोजायचं नाही. त्यानंतर गट खरा कामाला लागला. वर्गात चिडवल्या जाणाऱ्या मुलांच्या शाळांत ही मंडळी स्वतः जाऊन बोलू लागली. गट असा रंगात असतानाच ताईंनी तो थांबवला. मुलं रडली, रुसली. "माझ्यावाचून चाललं पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या. आज रामनगरमध्ये जोसेफ आणि सुहानी नव्या मुलांचा गट चालवतात, आणि ताई तिथे बोलावल्याशिवाय जात नाहीत.

माझ्या यजमानांच्या आजारपणात ताई रोज मेतकूट-भाताचा डबा आणत, प्रकृती विचारत आणि उगाच न रेंगाळता परत जात. त्या डब्याविषयी कुठे लिहू नका, असं त्यांनी बजावलं होतं, क्षमा असावी.

गेल्या वर्षी वडिलांच्या श्राद्धाला चुलतभावांनी ताईंना स्वतःहून बोलावलं. त्या गेल्या, पंगतीत बसल्या, वाढलंही.

ताई आता साठीत पदार्पण करत आहेत. अशा बाईंच्या हाताखाली मी शिकले, हे सांगताना ऊर भरून येतो. त्यांचे गुडघे घाटाच्या पायऱ्यांना पुरून उरोत, डोळे आणि आवाज असेच खणखणीत राहोत, आणि शंभरीच्या सोहळ्यात आम्हांला पुन्हा त्यांचंच ऐकायला मिळो, ही गंगामाईचरणी प्रार्थना.