वजा चिन्ह

मेंढरांमागं हिंडणाऱ्या पुंजारामची थोरली लेक रेणुका भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि घनसावंगीजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. फळ्यावर दोन इलेक्ट्रॉन काढून ती सांगायची, "हे हुबेहूब सारखे. यांची अदलाबदल केली की तरंगफलनाचं, म्हणजे यांची अवस्था सांगणाऱ्या सूत्राचं, चिन्ह उलटतं, अधिकचं वजा होतं. पण दोघं एकाच अवस्थेत असले, तर अदलाबदलीनं काही बदलायलाच नको. मंग जे अधिक तेच वजा. असं फक्त शून्य असतं. म्हणून एका अवस्थेत दुसऱ्याला जागा न्हाई."

अंतर्गत परीक्षेत तिनं हेच विचारलं. एकेचाळीस पेपर आले. पहिल्यात वजाच्या जागी अधिक. दुसऱ्यातही. दहाव्याला तिनं ते शेजारी-शेजारी मांडले. तीच वाक्यं, त्याच जागी तीच चूक. चाळीस जणांनी एकाच कागदावरून उतरवलं होतं. फक्त शीतल नावाच्या एका मुलीनं वजा लिहिलं होतं.

शिपाई कडूबा दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, तो उत्तराचा कागद वरून, संस्थेच्या हापिसातूनच आल्ता. अधिकच बराबर धरा म्हणतेत. अन् त्या एकीचं चूक."

"न्हाई धरलं तर?"

कडूबानं आधी व्हरांड्यात पाहिलं. "मागच्या साली एका सरांनी ऐकलं न्हाई. ते आता कुठं हायेत, मला ठाऊक न्हाई. तुम्ही जीपनं एकट्याच जाता ना?"

त्या दुपारी जीपमागं बिननंबरची मोटारसायकल लागली. रेणुका फाट्यावर उतरली, तशी तीही थांबली.

घरी तिनं बापाला सगळं सांगितलं. पुंजाराम म्हणाला, "लांडगा आधी नुसता मागं चालतो, माय. काय करणार तू?"

"जे बराबर हाय ते."

दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नाला तिनं चाळीस जणांना शून्य दिलं, शीतलला पूर्ण गुण. तक्रार लिहून, सोबत पेपरांचे फोटो जोडून, अंबडहून रजिस्टर पोस्टानं विद्यापीठाला धाडले. सोमवारी वेळापत्रकातून रेणुकाचं नाव गायब होतं. संध्याकाळी शीतलच्या आईचा फोन आला, "मॅडम, मार्क बदला हो. दोन दिसांपासून दारासमोर कुणीतरी उभं राह्यलंय."

रेणुकानं मार्क बदलले नाहीत. ती स्वतः गेली आणि शीतलला जालन्यात मस्तगडला, तिच्या मावशीकडं पोचवून आली.

महिन्यानं विद्यापीठाचं पत्र आलं. चौकशी त्याच कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी. मूळ पेपर कॉलेजकडून 'गहाळ' झालेले. तक्रारदारानं एकट्यानंच हजर राहावं.

तिनं दोनदा वाचलं. मग तारखेखाली पेनानं रेघ ओढली आणि बापाला म्हणाली, "जाणार हाय मी."